दुसरा पाय
रात्री अचानक दवाखान्यात न्यावी लागलेली हेडमास्तरांची बायको वारल्याचा निरोप सकाळी आला. मुलं संध्याकाळी पोहोचणार होती. घर खायला उठलं होतं. दुपारी शेजारून अंथरुणाला खिळलेल्या घड्याळजीची हाक आली, “वहिनी, आज उशीर?” हेडमास्तर सांगायला गेले. चर्चमध्ये पहिल्या बाकावरून खड्या आवाजात प्रार्थना म्हणणाऱ्या माणसाला “ती गेली,” एवढंच पुटपुटता आलं. मागच्या बाकावर बसणारी बायको इथं चकाट्या पिटते, असंच ते समजत. घड्याळजी रडला. “सात वर्षं माझे पाय धुतले. मी म्हटलं, देव मानत नाही. म्हणाल्या, नका मानू, पाय इकडे करा.” कोपऱ्यात तिचं पाय धुवायचं तसराळं होतं. हेडमास्तरांनी पाणी तापवून गुडघे टेकले, त्याचा पाय बुडवला. “आई गं! मास्तर, वहिनी आधी कोपर बुडवून बघायच्या.” पाणी निवेपर्यंत ते गुडघ्यांवरच थांबले. एक पाय धुऊन झाला. दुसरा अजून राहिला आहे.