कोरडा झाडू

जंगलाकाठचं बंद घर उघडताच थोरल्या भावाने झाडू उचलला. मास्क लावलेल्या धाकट्या बहिणीने दार अडवलं. उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाच्या साथीचे अंदाज बांधणं ही तिची नोकरी होती. यंदा जंगलात बियांचा सडा पडला, उंदीर बेसुमार वाढले. साथ येणार असं तिने जाहीर केलं होतं. “कोरडं झाडायचं नाही. लेंड्यांची धूळ नाकात गेली की संपलं.” “गेल्या वर्षीही बोंब मारलीस,” भाऊ हसला. “मेलं का कुणी?” “नाही मेलं. त्यासाठीच मारली होती.” “सरक बाजूला!” तिने जंतुनाशकाची बादली फरशीवर ओतली. त्याचे नवे बूट भिजले. मागून आलेल्या आईने त्याच्या हाती ओलं फडकं दिलं. शेजारच्या घरातून झाडण्याचा आवाज आला. बहीण बादली भरून, न बोलावताच निघाली. “तिकडे तरी नीट बोल!” भाऊ ओरडला. “त्यांनी ऐकलं, तर बोलेन.”