शब्दावर येणारा ट्रक

"ते यंत्र पिशवीत घाल, पोरी. या घरात आधी कॉफी, मग कज्जे," अबू मिफ्लिह म्हणाला.

इंजिनियर रुबाने फोन पिशवीत घातला नाही. गादीवर, दोघांच्या मध्ये ठेवला. ती इर्बिद शहरातल्या दूध कंपनीतून आली होती. मफ्रकच्या माळावरच्या मेंढपाळांना कंपनीचं ॲप सुरू करून देणं हे तिचं काम. माळावरची बाकीची घरं तिने पालथी घातली होती. अबू मिफ्लिहच्या बैठकीत मात्र ती आज पहिल्यांदाच बसत होती. "म्हाताऱ्याचा शब्द घेऊन ये," साहेबांनी बजावलं होतं, "नाहीतर हा विषय कायमचा संपला."

शेजारपाजारचे पुरुष भिंतीला टेकून बसले होते. पुरुषांच्या बैठकीत बाई येऊन वाद घालते म्हटल्यावर कोण घरी थांबेल? आतल्या दाराचा पडदा मधूनच हलत होता. पलीकडे घरच्या बायका होत्या.

"हे करतं तरी काय?" शेजारच्या सत्तामने विचारलं.

"एकदा कंपनीचा पत्ता घालायचा, आपलं नाव घालायचं," रुबा म्हणाली. "पहिल्यांदा सर्व्हरवरून सगळी माहिती उतरायला वेळ लागतो, चहा उकळेल एवढा. मग रोज दूध किती निघेल, कॅन किती हवेत, ते टाकत राहायचं. सिग्नल नसला तरी अडत नाही. फोन ते मनात ठेवतो आणि सिग्नल मिळाला की सर्व्हरला सांगतो."

"म्हणजे सूनच की," अबू मिफ्लिह म्हणाला. "इथे गप्प बसायचं आणि माहेरी गेलं की भडाभडा ओकायचं. अशी एक आहे घरात, दुसरी नको."

बैठक खळखळून हसली. पडद्यामागेही कोणीतरी हसलं.

रुबा हसली नाही. "काका, कंपनीचा नियम सगळ्यांना सारखा आहे. ज्याच्या घरून फोनवर मागणी येत नाही, त्याच्या दारी ट्रक जात नाही."

"माझ्या दारी येतो."

"येतो," रुबा म्हणाली.

"ऐकलंत?" म्हाताऱ्याने मिशीवरून हात फिरवला. "यंत्र नाही, बटण नाही, तरी ट्रक येतो. वेळेवर येतो. जेवढं दूध, तेवढेच कॅन घेऊन. मागे मेंढ्या आटल्या, तर न सांगता कॅन कमी आणले. का? ड्रायव्हर माणूस ओळखतो. माझा बाप दमास्कसला तूप पाठवायचा, नुसत्या शब्दावर. तुझा सर्व्हर तेव्हा कुठे होता?"

माणसं माना डोलावत राहिली. सत्ताम तेवढा गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

"अरे, तुझी नूफ कॉलेजात शिकलेली. तिला दे फोन. तुझा शब्दही राहील, यांचं कामही होईल."

"मुलीच्या हाती फोन दिला की मुलगी हाताबाहेर," अबू मिफ्लिह म्हणाला. "शिकवली तेच पुष्कळ झालं. आईचा फोन आहे घरात, मावश्यांशी गप्पा मारायला. तेवढा बास."

रुबाची कानशिलं तापली. तिच्या वडिलांनीही एकेकाळी हेच म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. तेव्हा ती रडली होती. आज रडण्याचा तिचा इरादा नव्हता.

अबू मिफ्लिहने स्वतःच्या हाताने कॉफी ओतली आणि कप तिच्यापुढे धरला. रुबाने उजव्या हाताने तो घेतला, ओठांकडे नेला नाही. सावकाश समोरच्या जमिनीवर ठेवून दिला.

मागणं घेऊन आलेला पुरुष असाच कप खाली ठेवतो, ही माळावरची रीत सगळ्या बैठकीला ठाऊक होती.

"माझं एक मागणं आहे, काका," ती म्हणाली. "ते मिळालं तर कॉफी घेईन."

"बाईमाणसाने कप ठेवायचा?" कोणीतरी पुटपुटलं.

"कपाला काय ठाऊक, तो कोणी ठेवला ते," रुबा म्हणाली.

अबू मिफ्लिहने कपाकडे पाहिलं, मग भिंतीला टेकलेल्या माणसांकडे. पाहुणा कॉफी न पिता उठून गेला तर माळावर तोंड दाखवायला जागा उरत नाही. आणि म्हातारा हट्टी असला तरी कोत्या मनाचा नव्हता. तो एकदम हसला.

"बापाने तुला मुलगी म्हणून वाढवलं की वकील म्हणून? ठीक आहे. सगळे साक्षी आहात. मी सर्व्हरला भीत नाही, कंपनीला तर नाहीच. पण या घरची कॉफी कोणी टाकून गेलं, हे माझ्या बापाला कबरीतही ऐकवणार नाही. पी. ज्यासाठी आलीस, ते तुला दिलं."

"अरे, आधी मागणं तरी ऐक," सत्ताम म्हणाला.

"ऐकायचं काय त्यात? समोर पडलंय ते." त्याने गादीवरच्या फोनकडे हनुवटी उडवली.

"तुमचा शब्द?" रुबाने विचारलं.

"माझा शब्द. तो परत फिरत नाही, हे दमास्कसपर्यंत ठाऊक आहे."

रुबाने कप उचलला, तळापर्यंत रिकामा केला आणि बास झाली म्हणून हलवून त्याच्या हाती दिला. मग फोन उचलून पिशवीत टाकला.

"यंदा मेंढ्यांची लोकर कातरली त्याआधीपासून ॲप तुमच्या घरात चालू आहे, काका, काकूंच्या फोनवर. तुमचा ट्रक त्याच्याच सांगण्यावरून येतो," ती म्हणाली. "मी ते चालवणारीला मागायला आले होते. येत्या रविवारपासून नूफ इर्बिदच्या कार्यालयात कामाला येईल."