चौथा ठोका

ईसीजीच्या तारा खुंटीवर लटकत होत्या, कुणाच्याही छातीला जोडलेल्या नव्हत्या. तरी यंत्रातून कागद ठरलेल्या वेगाने सरकत होता. त्यावर तीन ठोके उमटत होते आणि चौथ्याची जागा कोरी राहत होती.

यंत्र चालवणाऱ्या मुलीने स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. तीन ठोके, मग काहीच नाही.

"पुन्हा धडधड?" शेजारच्या टेबलावरून नर्सताई म्हणाली. "अगं, बाविसाव्या वर्षी काळीज उड्या मारणारच. पाणी पी."

पाण्याने भागणारं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी अशीच धडधड झाली, तेव्हा तिने चोरून स्वतःचाच ईसीजी काढला होता. पट्टी निर्दोष आली. त्या आनंदात तिने ती चुकून एका म्हाताऱ्या मास्तरांच्या फाइलमध्ये लावली, आणि चौथा ठोका चुकणारी त्यांची पट्टी तिच्या पर्समध्ये गेली. "ठणठणीत आहात," म्हणत डॉक्टरांनी मास्तरांना घरी पाठवलं. संध्याकाळी पर्स उघडल्यावर तिला चूक कळली. नोकरी जाईल म्हणून ती मूग गिळून बसली.

तिने यंत्र बंद केलं, प्लगही काढला. कागद सरकतच राहिला. आता दोनच ठोके उमटले. मग एक. मग नुसती सरळ रेघ, आणि बोटांखाली तिचं मनगटही गप्प.

ती डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सर, मास्तरांच्या फाइलमधली पट्टी माझी आहे. त्यांना आत्ताच्या आत्ता बोलवून घ्या."