सामुराई सरांची शाल

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये उघडलेला क्लास पाच मजली झाला, तेव्हा सरांनी जपानी सामुराई सरदाराचे भाड्याचे चिलखत चढवून काढलेल्या स्वतःच्या फोटोचे फलक लातूरभर लावले. यंदा मात्र त्यांचे सातही शिक्षक समोरच्या क्लासला जाऊन मिळाले आणि वर्ग ओस पडले. निकालाच्या दिवशी सर शाल आणि फोटोग्राफर घेऊन जिल्ह्यात पहिल्या आलेल्या अंजूच्या घरी गेले. तिचा फोटो फलकावर झळकला, तरच क्लास वाचणार होता. “आमचीच विद्यार्थिनी ना तू, बेटा,” ते म्हणाले. “सहा दिवस व्हते, सर. पहिल्याच चाचणीत नापास झाले, तवा तुम्ही भर वर्गातून हाकललं.” “जुनं विसर. फोटोपुरती ही शाल घे.” “तुम्ही हाकललं म्हणून तर पहिली आले. सत्कार तुमचाच व्हायला पायजे, सर.” तिने शाल उलगडून सरांच्याच खांद्यांवर घातली, फोटोग्राफरने सवयीने बटण दाबले.