आधी तुला फोन

"चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक!" सर म्हणाले आणि संगणकाच्या प्रयोगशाळेत टाळ्या पडल्या.

खोटा मेल नुकताच सुटला होता. विद्यापीठाच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना, कुलसचिवांच्या परवानगीनं. कोण फसतं ते पडद्यावर पाहायचं, हाच आजचा धडा. मेल वर्गातल्या प्रत्येकानं लिहिला होता, पण सरांनी निवडला एका पोरीचा.

"आपल्या पाल्यास वर्गात भोवळ आली असून दवाखान्यात हलविण्यात आले आहे. तपशिलासाठी खाली आपला पासवर्ड टाकावा."

कॅन्टीनमध्ये खिदळत लिहिलं होतं पोरीनं. भाषा मुद्दाम कचेरीतली, काळजी मुद्दाम घरातली. आई इथंच परीक्षा विभागात कामाला, पण तिची फिकीर कोणाला? तिला तर पोपटासारखं पढवून ठेवलं होतं. कसलाही मेल येऊ दे, बोट लावायचं नाही, आधी मला फोन करायचा. भाजी चिरतानासुद्धा विचारलं तरी आई शहाण्या विद्यार्थिनीसारखं उत्तर द्यायची, "आधी तुला फोन."

पडद्यावर एक ओळ लाल झाली. परीक्षा विभाग.

"घ्या!" सरांना आनंदाचं भरतं आलं. "बाईंनी लिंक तर उघडलीच, वर पासवर्डही देऊन टाकला. प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्लीच म्हणा ना!"

"बाईंची आता उचलबांगडी!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"होणारच. उद्यापासून ते टेबल बाईंकडे राहणार नाही, नियमच आहे तसा." सर तिच्याकडे वळले. "तुला पैकीच्या पैकी. सांग बरं सगळ्यांना, बाईंची कुठली कच्ची बाजू हेरलीस?"

ती उभी राहिली. त्या विभागात बाया काय कमी आहेत? असेल दुसरीच कोणीतरी. आईनं आधी फोन केला असता. केलाच असता.

आणि मग तिला तो आवाज ऐकू आला. दाराजवळच्या लोखंडी कपाटात काहीतरी घुर्र घुर्र करत होतं. मघापासून करत होतं, सगळ्यांच्या कानावर येत होतं, पण लक्ष कोण देतो! तास सुरू होण्याआधी सगळ्यांचे फोन त्या कपाटात कुलूपबंद व्हायचे. सरांचा दंडकच होता तो. सुरक्षा शिकायची तर सुरुवात इथूनच, म्हणायचे.

तिनं कपाटाकडे बोट दाखवलं.

"सर, कपाट उघडा," ती म्हणाली. "सर, ती माझी आई आहे."

सर किल्ली शोधेपर्यंत कपाटातला आवाज थांबला आणि प्रयोगशाळेचं दार धाडकन उघडलं. दारात आई. धापा टाकतेय, चष्मा कपाळावर, पदर कुठल्या कुठं. एकेका चेहऱ्यावरून तिची नजर भिरभिरत होती.

पोर धावत गेली. "आई, मला काही झालेलं नाही गं. तो मेल खोटा होता. मीच लिहिला होता."

आईनं ऐकून घेतलं. तरी लेकीच्या कपाळाला हात लावला. मग हात उलटा करून गळ्याला लावून पाहिला.

सर जरा ओशाळले होते. "बाई, सगळ्यांना कळवलं होतं ना? खात्री केल्याशिवाय पासवर्ड द्यायचा नाही म्हणून?"

आईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"केला होता फोन," ती लेकीला म्हणाली. "तू शिकवलंस तसाच. लिंक उघडायच्या आधी केला, येताना जिन्यातही करतच होते."

हात अजून लेकीच्या गळ्याशीच होता.

"तू उचलत का नव्हतीस गं?"