काढ्याचा गुण

"रोज सकाळी घरातल्यांची नावं विचारतोस. मी काय खुळी हाय का रं?" सासूबाई लेकावर कुरकुरल्या.

मी चुलीपाशी बसून सुखावले. महिन्यापूर्वी त्यांना स्वतःचंही नाव आठवत नव्हतं. दवा झाली, दुवा झाली. मग आमच्या ह्यांनी स्वतःच ब्राह्मी-शंखपुष्पीचा काढा केला आणि रोजची परीक्षा वहीत लिहायला घेतली. निजामाच्या फसली सन तेराशे बावन्नच्या त्या उन्हाळ्यात अख्ख्या मुरूम गावात माझी मान जरा जास्तच ताठ होती.

सासूबाईंनी बोटं मोजली. "तू बंडप्पा. ही चन्नम्मा. अन् नागव्वा."

घरात आम्ही तिघंच. नागव्वा नावाचं कुणीच नव्हतं. "दोन बरोबर, एक चूक," म्हणत ह्यांनी हसून लिहिलं.

तेवढ्यात शेजारचे ज्ञानोबा काढा घ्यायला आले. त्यांचीही आठवण ह्याच काढ्यानं परतली होती. ओसरीवर टेकत म्हणाले, "अलीकडं नागव्वा दिसंना कुठं?"

ह्यांची लेखणी थांबली. सासूबाईंनी ज्ञानोबांना डोळ्यांनीच दटावलं. मग उठून माझ्याजवळ आल्या, माझ्या गालावरून हात फिरवला.

"औषध लई गुणाचं हाय, चन्नम्मा. आता तुमी दोघं बी घ्या. पोटची पोर इसरलात तुमी."