लेकीच्या नावाचा पासवर्ड

"पासवर्ड कसला ठेवला होता, काका?" काचेपलीकडून पुनम मॅडमनी विचारलं.

महेबूबभाईंनी आधी मागं वळून बँकेतल्या रांगेकडं पाहिलं. मग काचेखालच्या फटीशी तोंड नेऊन हळूच म्हणाले, "हिचंच नाव, म्याडम. इकरा. आन् पुढं जन्माचं साल."

शेजारी उभ्या असलेल्या इकराची मान खाली गेली.

"असा ठेवतात का कुणी?" पुनम मॅडमच्या आवाजात राग नव्हता. रोज तेच सांगून दमलेल्या माणसाचा आवाज होता तो. "लेकरांची नावं, जन्मसाल, गाडीचा नंबर, असलं काही ठेवायचं नाही. चांगला लांब ठेवायचा. बारकी-मोठी अक्षरं, मधे आकडे, एखादं चिन्ह. ओळखीचं नाव म्हणजे चोराला दार उघडंच की."

"चुकलं माझं." महेबूबभाई ओशाळून हसले. "मला कडी-कुलपाची लहानपणापास्नं धास्ती हाय, म्याडम. भूकंपाच्या पहाटे आमच्या दाराची कडी आतून अडकली. माझी दादी आतच ऱ्हायली. तवापास्नं मी दार नुसतं लोटून झोपतो. हे बी तसंच सोपं ठेवलं. येळ आली तर घरातल्या कुणालाबी उघडता यावं."

पुनम मॅडमनी कीबोर्ड पुढं ओढला.

लातुरात शिकवण्यांना आलेल्या पोरापोरींच्या गाद्या महेबूबभाई भरत. जूनमधे होस्टेलांची मागणी वाढायची, म्हणून कापूस आधीच आणून ठेवावा लागे. काल कापसाचे पैसे नांदेडला पाठवायला बसले, तर खात्यात काहीच नव्हतं. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून आज लेकीला सोबत घेऊन आले होते.

"पैसे शुक्रवारी दुपारी गेलेत," संगणकात बघत पुनम मॅडम म्हणाल्या. "तीनदा, एकाच खात्यात. दर वेळी तुमच्या फोनवर ओटीपी आलाय. कुणाला सांगितला का?"

"न्हाई. मी तर जुम्म्याच्या नमाजला गेल्तो. फोन घरीच हुता."

"घरी कोण होतं?"

"ही हुती. अभ्यास करायली हुती." एवढं सांगताना त्यांचा आवाज आपोआप उंचावला. "डाक्टरकीची परीक्षा हाय हिची."

"आणखी कोण हात लावतं फोनला?"

महेबूबभाई थांबले. "दुकानात पुतण्या असतोय, जीशान. त्याला फोनातलं समदं येतंय." मग अडखळत म्हणाले, "शुक्रवारी डबा न्यायला घरी आल्ता त्यो. पण त्यो तसा न्हाई, म्याडम."

पुनम मॅडमनी समोरच्या कागदावर नाव लिहिलं. जीशान.

इकराला काचेतून ती अक्षरं उलटी दिसत होती. जीशानभाईनं दहावीतूनच शाळा सोडली होती. सुई-दोरा घेऊन तो दिवसभर गाद्या टाचायचा, आणि तिला क्लासला उशीर झाला की हातातलं टाकून गाडी काढायचा. डब्याला आला त्या दिवशी त्यानं फोनकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. फोन तिच्या पुस्तकाखाली होता. पलीकडचा माणूस मेसेज करत होता, पेपर शंभर टक्के खरा आहे, फक्त आणखी थोडे पाठव. तिसऱ्यांदा पाठवले आणि त्याचा नंबर बंद झाला. डॉक्टर झाल्यावर अब्बांना सगळे परत करू, असं तिनं मनाशी तेव्हा ठरवून टाकलं होतं.

"मी पाठवले," ती म्हणाली.

"काय?" पुनम मॅडमना ऐकू आलं नाही.

तिला पुन्हा बोलावं लागलं. या वेळी रांगेलाही ऐकू गेलं. "पैसे मी पाठवले. मेडिकलचा पेपर आधी मिळणार होता. मिळाला नाही."

मागं कुजबुज थांबली. फी भरायला आलेल्या एका बाईनं आपल्या मुलीला दंडाला धरून जवळ ओढलं.

"ये क्या बोल री तू?" महेबूबभाईंच्या तोंडून घरची बोली निघाली.

इकरानं वर पाहिलं नाही. अब्बा हात उचलतील असं तिला वाटलं. उचलावा, असंही वाटलं. मग त्यांनी काचेवर बोट टेकवलं.

"म्याडम, ते जीशानचं नाव खोडा आधी."

पुनम मॅडमनी आडवी रेघ मारली.

"नीट खोडा. वाचता येऊ नये असं."

त्यांनी अख्खं नाव गिरवून काळं केलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "सायबर पोलिसांत तक्रार करा. जे खरं आहे तेच सांगा. परत मिळतीलच असं नाही. आणि पासवर्ड आत्ता इथंच बदला. त्या माणसाकडं तुमचा नंबर गेलाय."

महेबूबभाईंनी फोन इकरापुढं धरला. "टाक."

"अब्बा, तुम्ही टाका."

"मला कुठं येतंय इंग्रजी? म्याडम सांगतेत तसा टाक. अवघड."

तिनं फोन घेतला. तशी ते मागं सरकले आणि दुसऱ्याचा पिन दिसू नये म्हणून एटीएमपाशी माणसं वळतात, तसे तिच्याकडं पाठ करून उभे राहिले. समोर रांग होती. रांगेतले सगळे त्यांच्या तोंडाकडं पाहत होते. ते कुठंतरी जमिनीकडं पाहत होते.

"झालं?" न वळताच त्यांनी विचारलं. "मला सांगू नको काय टाकलं ते. नुसतं झालं म्हण."

इकराच्या बोटाखाली अजून एकही अक्षर उमटलं नव्हतं.